अहवालातलं एक वाक्य

वस्तीत तिला सगळे नकाशेवाली म्हणत. नदीकाठची ती वस्ती कशी वाढली, कशी सरकली, याचा अभ्यास ती अकरा वर्षं करत होती. कुणी जोतं कधी उंच केलं, कुणी थोरल्याच्या लग्नात मधली भिंत पाडली, सगळं तिच्या वह्यांत होतं. घरं वाचायला तिला शिकवलं म्हाताऱ्या गवंडीकाकांनी. भिंतीवरच्या पुराच्या खुणा दाखवत ते तिला गल्लोगल्ली फिरवत. दर मोठ्या पुरानंतर लोक दोन पावलं मागे सरून पुन्हा बांधतात, हे तिला त्यांच्यामुळेच उमगलं.

तेच तिने नगरपालिकेसाठी केलेल्या अहवालात लिहिलं : ही माणसं जागा बदलतात आणि तगतात.

नगरपालिकेतल्या साहेबांनी नेमकं तेवढंच उचललं. पावसाळ्याआधी अख्खी वस्ती वीस किलोमीटरवरच्या सहा मजली इमारतींत हलवली. नोटिशीत तिचंच वाक्य छापलं होतं. तिने कचेरीत खेटे घातले, दोन पावलं म्हणजे वीस किलोमीटर नव्हे, हे परोपरीने सांगितलं. साहेब शांतपणे म्हणाले, "अहवाल तुमचाच आहे ना, मॅडम?"

वर्षभराने ती तिथे पाहणीला गेली. दोन दिवस जिने चढली-उतरली. कुणी भिंतीत खिळासुद्धा ठोकला नव्हता. निम्म्या घरांत गाठोडी अजून बांधलेलीच होती. चौथ्या मजल्यावर गवंडीकाकांच्या बायकोने दार उघडलं. काका हिवाळ्यात गेले होते. आजार असा काही नव्हता. आधी खाली उतरणं सोडलं, मग जेवण.

नकाशेवालीने विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाले, काकू?"

"नोटीस वाचून घेतली मुलाकडून. म्हणाले, पोरीने खोटं काही लिहिलेलं नाही."

शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटून गेलं. काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि तिच्या हातातल्या कागदांकडे बघत त्या म्हणाल्या, "एवढं कर. आम्ही इथे रुळलो असं लिहू नकोस."

तिने तसं लिहिलं नाही. काय पाहिलं ते घरागणिक लिहिलं, काकांचं जाणंही लिहिलं. साहेबांनी तो अहवाल ठेवून घेतला. पुढच्याच महिन्यात रेल्वेरुळांपलीकडच्या वस्तीची, तीही हलवण्यासाठी, मोजणी निघाली. त्या कामाला तिने नकार दिला, तेव्हा आठवड्याभरात दुसऱ्याला नेमलं.