हेल्मेटमधला आत्मा

"मला हवा द्या! हवा द्या मला!" ती ओरडली आणि अख्ख्या स्टुडिओनं हात जोडले.

प्लायवूडच्या अंतराळयानात ती गुडघ्यांवर कोसळली होती. अंगात पांढरा फुगीर पोशाख, डोक्यावर काचेचं गोल हेल्मेट, हातांत जाडजूड मोजे. त्या मोज्यांनी ती मानेशी काहीतरी चाचपत होती आणि तिला काही सापडत नव्हतं. भोवती सुतार, रंगारी, दिवेवाले, मेकअपच्या बायका, शिवाय ओळख काढून आत घुसलेले बघे. ज्यांचे हात जोडलेले नव्हते त्यांच्या हातात मोबाइल होते.

"कोणीही पुढे यायचं नाही!" एक धीरगंभीर आवाज घुमला. गडद निळा झगा, त्यावर चमचमत्या टिकल्यांच्या चांदण्या, असे ते व्योमबाबा. "ही मुलगी बोलत नाहीये. तिच्या तोंडून तो बोलतोय! जो अंतराळवीर वर गेला आणि परत आला नाही! त्याचा शेवटचा श्वास या पोशाखात अडकलाय. कॉस्मिक श्वास! क्वांटम श्वास!"

मग बाबांनी डावा हात आकाशाकडे, म्हणजे स्टुडिओच्या पत्र्याकडे, उंचावला, उजवा तळवा तिच्या कमरेवर ठेवला आणि मंत्र सुरू केला. मंत्र कसला, आरडाओरडाच होता तो. पत्रा थरथरला. आणि हळूहळू ती शांत झाली, तिचे हात खाली आले, श्वास लयीत आला. हेल्मेट तसंच होतं डोक्यावर. टाळ्यांचा कडकडाट झाला. एका म्हाताऱ्या रंगाऱ्यानं तर बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

मी दारात अडकले होते. गर्दीतून कोपरं मारत पुढे पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. हेल्मेट काढलं तेव्हा तिचा चेहरा घामानं निथळत होता. ती माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. तिला सायकल मी शिकवली, पोहायला मी शिकवलं, आणि भुताखेतांना घाबरायचं नाही हेही मीच शिकवलं होतं.

माझा या जागेशी संबंध कसा आला तेही सांगते. मी शाळेत विज्ञान शिकवते. दिग्दर्शकाला अंतराळातला भयपट काढायचा होता आणि त्यात "शास्त्रीय वास्तवता" हवी होती, म्हणून भाचीच्या ओळखीनं मला सल्लागार नेमलं. नेमलं खरं, पण माझं ऐकणं त्यांच्या करारात नसावं. मी म्हणाले, बाहेर हवा नाही, तर स्फोटाचा आवाज येणार नाही. ते म्हणाले, आवाज नसला तर प्रेक्षक पैसे परत मागतील. मी म्हणाले, हवेबाहेर पडलेला माणूस फुग्यासारखा फुटत नाही, आधी शुद्ध हरपते आणि मग गुपचूप मरतो. ते म्हणाले, बाई, गुपचूप मरण्यात काय भीती? शेवटी त्यांनी स्फोट ठेवला, फुटणारा माणूस ठेवला, आणि यानाच्या भिंतीतून येणारं एक चिकट जनावरही ठेवलं. माझ्या वाट्याला पडद्यावर नाव तेवढं आलं.

मेकअपच्या खोलीत भाची डोकं धरून बसली होती.

"ठणकतंय?"

"फुटेल असं वाटतंय. मावशी, तू चिडू नकोस हं. पण आत खरंच कुणीतरी असतं गं."

"दिसतं?"

"दिसत नाही. छातीवर बसल्यासारखं होतं. आता मरणार, आत्ताच, असं वाटतं. मी काय बोलते तेही मला धड आठवत नाही. आणि मी हवा मागितली की सगळे हात जोडतात." तिचे डोळे भरून आले. "मला वेड लागतंय का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्म्यावर नव्हे, त्या हात जोडणाऱ्यांवर. पोर हवा मागत होती आणि यांना त्यात साक्षात्कार दिसत होता!

मी तडक निर्मात्याकडे गेले. "डॉक्टरला दाखवलं का?"

"दाखवलं की! तपासून म्हणाले, ठणठणीत आहे. म्हणजे बघा बाई, वैद्यकशास्त्रानंही हात टेकले." तो आनंदानं हात चोळत होता. सिनेमाची एवढी फुकट जाहिरात त्याला जन्मात मिळाली नसती. "उद्या शेवटचा शॉट. पत्रकार येणार आहेत. बाबा त्या आत्म्याला त्याचं नाव सांगायला लावणार. तो नाव सांगेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही, अशी बाबांची आज्ञा आहे."

"आणि नाव सांगितलंच नाही तर?"

"सांगेल हो! बाबांच्या मुठीत आहे तो."

डॉक्टरांनी तिला हेल्मेट काढल्यावर तपासलं होतं, हे या शहाण्याला सांगून उपयोग नव्हता. मी परत भाचीपाशी आले. उद्याचा शॉट तिच्या जिवावर बेतणार, हे मला कळत होतं. कारण तेवढं कळत नव्हतं.

"तालमीत होतं का असं?"

"कधीच नाही. म्हणूनच बाबा म्हणतात, कॅमेरा सुरू झाला की तो येतो."

"दर वेळी? नीट आठव."

तिनं कपाळ दाबत आठवलं. "नाही. यानाच्या बोगद्यातून नुसती चालत जाते, तो शॉट झाला. कॅमेरा होता, खूप वेळ होता. तेव्हा नाही आला."

"तेव्हा वेगळं काय होतं?"

"काहीच नाही गं. त्यावर नंतर संगीत टाकणार होते, म्हणून साउंडवाले दादा नुसते चहा पीत बसले होते."

मी ताडकन उठले. आत्म्याला कॅमेऱ्याचं वेड नव्हतंच. तो मायक्रोफोनच्या वेळा पाळत होता!

साउंडवाला तारा गुंडाळत होता. "आवाज घेताना तुम्ही काय काय बंद करता हो?"

"घरघरणारं सगळं, बाई. एसी, पंखे, तो कोपऱ्यातला फ्रीज. आणि पोशाखाचा पंखा. कमरेच्या डबीत बारका पंखा आहे. फार घुरघुरतो, तिचे संवाद वाया जातात."

"मग आत हवा कुठून जाते?"

"हवा?" त्यानं तारा खाली ठेवल्या. "तो तर काचेवर वाफ धरू नये म्हणून आहे ना? आता आम्ही काचेला आतून साबण चोळतो. वाफ धरतच नाही."

वाफ धरली असती तर निदान आत काय चाललंय ते बाहेर दिसलं असतं. यांनी तीही खूण साबणानं पुसून टाकली होती. हेल्मेटच्या कड्याला घट्ट रबर, खटका मागच्या बाजूला, हातात जाड मोजे, आणि हवेची एकमेव वाट आवाजासाठी बंद. आपण सोडलेला श्वास त्या गोळ्यात साठत जातो, त्यातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, आणि शरीर बोंब मारायला लागतं: पळ, मरशील! डोकं ठणकतं, छाती दडपते, बोलणं असंबद्ध होतं. तिला वेड लागलं नव्हतं. तिचं शरीर तिला अगदी खरं तेच सांगत होतं.

हे मी तिला सांगितलं तेव्हा ती आधी रडली आणि मग तिला जो राग आला, तो बघून मला बरं वाटलं.

"उद्या मी येतच नाही," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "नाही, येते. मी पळून गेले तर ते म्हणतील, आत्मा घेऊन गेला."

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत पाय ठेवायला जागा नव्हती. मी शाळेच्या प्रयोगशाळेतून चुन्याची निवळी भरलेली बाटली, रबरी नळी आणि बिनसुईची मोठी सिरिंज आणली होती. बाबांनी नेहमीची टकळी सुरू केली. आकाशगंगेची कंपनं झाली, सातव्या मितीची दारं झाली. मग त्यांनी भाचीला खूण केली. "ये मुली. त्याला तुझ्या देहाची वाट मोकळी कर."

ती पोशाख हातावर टाकून पुढे आली. "बाबा, आज तुम्ही घाला."

कुजबुज झाली. बाबा हसले. "बाळ, तो कोवळा देहच निवडतो."

"पण तो तुमच्या मुठीत आहे ना? मग सगळ्यांसमोर तुम्हीच विचारा त्याला नाव. आम्ही कुणी हात लावणार नाही."

"हो, बाबांनीच घालावा!" तो कालचा रंगारी भक्तिभावानं ओरडला आणि गर्दीनं उचलून धरलं. भक्तांनीच बाबांना खिंडीत गाठलं होतं. बाबा बिचकले नाहीत, हे मात्र मानलं पाहिजे. त्यांनी आपल्या शिष्याकडे नुसतं बघितलं. शिष्य लगबगीनं आला, त्यांना पोशाख चढवला, पट्टा आवळला आणि पट्टा आवळता आवळता त्याचा अंगठा डबीकडे सरकला.

मी त्याचं मनगट धरलं. "तिथे काय आहे हो?"

"ते... नाभिकेंद्र."

"ऐकू या तर तुमचं नाभिकेंद्र." मी बटण दाबलं. त्या शांततेत पंखा घुर्रर्र करत सुरू झाला. साउंडवाल्यानं तोंडावर हात नेला. "रोज बाबांचा तळवा इथेच पडायचा. पंखा सुरू व्हायचा, पोरीला हवा मिळायची. आणि ही घुरघुर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मंत्र पत्रा हलेपर्यंत ओरडायचा!" मी डबीतली बॅटरी काढून पर्समध्ये टाकली. "आता बोलवा तुमच्या आत्म्याला."

माघार घ्यायला तोंड उरलं नव्हतं. बाबांनी हेल्मेट घातलं. मी मागे उभी राहिले, खटका हाताशी येईल अशी. हेल्मेटला पाणी पिण्याच्या नळीसाठी बारीक भोक होतं, एरवी बुचानं बंद असलेलं; बूच काढून त्यातून रबरी नळी घट्ट सरकवली. आधी सिरिंजनं स्टुडिओतली हवा ओढून निवळीत सोडली. निवळी तशीच नितळ राहिली. थोड्या वेळानं हेल्मेटमधली हवा ओढून सोडली. बुडबुडे उठले आणि त्यातल्या कार्बन डायऑक्साइडनं निवळी दुधासारखी पांढरी झाली. बाटली मी हातोहात फिरवली.

आतली टकळी एव्हाना मंदावली होती. आधी आकाशगंगा गेली, मग सातवी मिती गेली, मग नुसतं धापा टाकणं उरलं. चेहरा लाल झाला. मग मोजे काचेवर आदळायला लागले.

"उघडा! हवा... हवा द्या!"

भाची त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, हे तुम्ही बोलताय की तो बोलतोय?"

"मी! मीच! मी बोलतोय!"

मी खटका ओढला आणि हेल्मेट उचललं. बाबा झाला तरी फुफ्फुसं माणसाचीच असतात. तो खाली बसून घटाघटा हवा प्यायला आणि कुणीही हात जोडले नाहीत.

पत्रकारांचे प्रश्न सुरू झाले तसे बाबा आणि शिष्य मागच्या दारानं सटकले. निर्माता मला म्हणाला, "बाई, तुम्ही माझी सगळी जाहिरात घालवलीत." मी म्हणाले, "तुमच्यावरचा खुनाचा खटला वाचवला. जाहिरातीचं तुमचं तुम्ही बघा." शेवटचा शॉट भाचीनंच दिला. मागचा खटका मी कारागिराकडून पुढे आणवला, तिच्या हाताला येईल असा. पंखा सुरू होता, संवाद नंतर वेगळे घेतले, जगबुडी झाली नाही. दिग्दर्शकानं मला विचारलं, जनावर काढून टाकू का? मी म्हटलं, ठेवा, पण माणसाला स्वतःच्या श्वासापेक्षा भीतिदायक काही अंतराळात सापडलेलं नाही, एवढं लक्षात असू द्या. त्यानं जनावर ठेवलं. स्फोटाचा आवाजही ठेवला. असो.

मी मात्र गप्प बसणार नाही. ती बाटली घेऊन मी वर्गावर्गात गेले, आता गल्लोगल्ली जाणार आहे. कुणी म्हणतं, बाई, श्रद्धेला धक्का लावता. लावते! त्या दिवशी तिथे डोळस माणसं होती, शिकलेली होती, मायाळू होती. पोर सगळ्यांसमोर, स्वच्छ शब्दांत, आपल्याला काय हवंय ते सांगत होती. तिच्या शब्दांचा अर्थ लावायला कुणा बाबाची गरज नव्हती. तुमच्या घरात, कामावर, शेजारी कुणी म्हणालं की मला श्वास घेता येत नाही, तर हे कोण बोलतंय असं विचारत बसू नका. ती बोलते आहे. आधी झाकण उघडा.