पाव फेऱ्याचा आत्मा

सायंकाळी साडेपाच वाजता धक्क्याला बांधलेल्या होडीची मोटार खोकली आणि जमलेल्या सगळ्यांनी हात जोडले.

मोटार जुनी. तिचा मालक, एक नावाडी, मागच्या वर्षी वारला होता. तेव्हापासून मोटारबाबा गावात येईपर्यंत ती कुणाच्याच हाताने सुरू झाली नव्हती. दोरी ओढून ओढून भल्याभल्यांचे खांदे भरून आले. मोटार शोक पाळते आहे, असे कुणीतरी म्हणाले आणि ते सगळ्यांना पटले. टोपण काढून आत मात्र कुणी पाहिले नाही. धक्क्याचा रिवाजच तसा: दुसऱ्याच्या मोटारीच्या स्क्रूला हात लावायचा नाही. ज्याने त्याने तो आपल्या कानाने, आवाज जुळवून लावलेला असतो. कुणाची होडी येते आहे, हे पैलतीरावर घरात बसलेल्या बायकोला आवाजावरून कळते. या नावाड्याची मोटार खोकत येत असे.

"आला!" मोटारबाबा गरजले. "आत्मा पेट्रोलच्या वासावर येतो, भक्तांनो! धूर हे त्याचे वस्त्र, खोकला ही त्याची वाणी!"

"जिवंत होता तेव्हा चार हाका मारल्याशिवाय यायचा नाही," बर्फवाला पुटपुटला.

"गप रे, ऐकेल तो," मासेवालीने त्याला कोपराने ढोसले.

नावाड्याची बायको होडीच्या काठावर डोळे मिटून बसली होती. पैलतीरावर तिचे एकटीचे घर. पूल नाही. वर्षभर ती कुणाच्या तरी होडीतून, कुणाच्या तरी सवडीने ये-जा करत होती. बाबांनी मोटारीला बोलते केले आणि आता आत्म्याचे म्हणणे पडले होते, की होडी बाबांच्या मठाला द्यावी. आज शेवटचे विचारायचे आणि होडी देऊन टाकायची, असे ठरले होते.

तिची धाकटी बहीण शहरात विज्ञान शिकवते. ती दुपारीच आली होती.

"ताई, होडी गेली तर तू घरात अडकून पडशील."

"वर्षभरात हा आवाज मला ऐकवला तो बाबांनी. तुझ्याकडून काय आलं? दोन फोन."

थोड्या वेळाने बहीण एकटीच होडीपाशी जाऊन आली.

आता बाबांनी आशीर्वादाचा हात टोपणाखाली घातला. मोटार खोकली म्हणजे हो, बंद पडली म्हणजे नाही.

"नावाड्या, होडी पुतण्याला द्यायची?" लांबलचक मंत्र झाला. मोटार शिंकली, पुन्हा शिंकली आणि बंद पडली. बाबांनी हात फिरवला, दोरी ओढली. "मठाला द्यायची?" पुन्हा मंत्र. मोटार धूर सोडत खोकू लागली.

"त्यांची इच्छा असेल तर..." बायकोने सुरुवात केली.

"थांब, ताई. बाबा, हात दाखवता का?"

बाबांच्या बोटात रुंद लोखंडी अंगठी होती, एका बाजूने घासून धारदार केलेली. ती धार निळी झाली होती. बोटही निळे.

"ही... ही आत्म्याची निळाई!"

"मग आत्मा शाळेत जाऊन आलेला दिसतोय," बर्फवाला म्हणाला.

"शिक्क्याची शाई आहे," बहीण म्हणाली. "दुपारी मी ती कार्बोरेटरच्या स्क्रूच्या खाचेत भरली होती. खाचेत काहीतरी घालून फिरवल्याशिवाय ती अशी लागत नाही."

तिने टोपण पूर्ण काढले आणि पर्समधले नाणे खाचेत बसवले. स्क्रू आत घेतला की हवेत पेट्रोल कमी मिसळते. मोटार शिंकते आणि मरते. बाहेर काढला की पेट्रोल जास्त होते. मोटार धूर सोडते आणि खोकते. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. फरक जाणवायला मोटारीला थोडा वेळ लागतो, मंत्र तेवढ्यासाठी.

"मग वर्षभर सुरू का होत नव्हती?" मासेवालीने विचारले.

पुतण्याने मान खाली घातली. काका गेल्यावर कार्बोरेटर त्याने धुऊन ठेवला होता. "स्क्रू पार आवळला मी. घट्ट बसला म्हणजे नीट बसला, असं वाटलं."

नाणे हातोहात फिरले. मासेवालीने स्क्रू बाहेर काढला आणि मोटार खोकली. "अगं बाई, माझ्या हातूनही तुझा नवरा आला!" ती हसली, मग नावाड्याच्या बायकोचा चेहरा पाहून तिने नाणे बहिणीला परत दिले.

"म्हणजे ते आले नव्हते," बायको म्हणाली.

"नाही, ताई."

बहीण लोकांकडे वळली. "तुम्ही सगळे रोज मोटारी चालवता. स्वतःची बिघडली तर टोपण काढता ना? मग इथे हात जोडण्याआधी का नाही काढलंत? माझं मागणं एवढंच आहे. आधी उघडून बघा."

तिने स्क्रू बरोबर मध्यावर लावला. खोकला थांबला, धूर विरला, मोटार एकसुरात चालू लागली. "आता पेट्रोलही कमी खाईल."

बायको बराच वेळ ऐकत राहिली.

"ही कुणाची मोटार आहे?" तिने विचारले.

"तुझी." बहिणीने नाणे तिच्या हातावर ठेवले.

तोवर बाबा निघून गेले होते. ते कुठे गेले, ते अजून कळलेले नाही. बहीण शेवटच्या बसने परतली. आता ती दर रविवारी फोन करते. नावाड्याची बायको होडी स्वतः चालवते. संध्याकाळी धक्का सोडताना मोटार एकसुरात चालते, मधल्या पाण्यात गेल्यावर खोकू लागते. हादऱ्याने स्क्रू सैल होत असेल, असे बहिणीचे मत आहे. पेट्रोल भेसळीचे असेल, असे मासेवालीचे. सकाळी मोटार पुन्हा एकसुरात येते.

नावाड्याच्या बायकोला कुणी विचारलेले नाही. नाणे अजून तिच्याकडेच आहे.