पानांना आकडे नसलेली कादंबरी

त्या कादंबरीतल्या पोराला आणि पोरीला समोर बसवून दोन-दोन ठेवून द्याव्यात, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. जमतं, मोडतं, पुन्हा जमतं, पुन्हा मोडतं. नीट बोलायला यांच्या तोंडाला काय झालं होतं, देव जाणे. तरी छापखान्यातून एकेक फर्मा येईल तसा मी वाचत गेले आणि शेवटी चक्क रडले.

फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी. आमच्या बाइंडिंगखान्यात त्या घड्या क्रमाने लावायचं काम माझं. मालक माझे धाकटे दीर. वाचलं की हात थांबतात, हे त्यांचं पालुपद. पुन्हा वाचताना दिसलात तर घरीच बसा, असं त्यांनी मला सगळ्या बायकांसमोर बजावलं होतं. घरी बसून मी काय माश्या मारणार?

लेखिकाबाईंची हौस अशी, की पानांना आकडे नकोत. छापखान्याने त्या नादात फर्म्यांवरच्या क्रमाच्या खुणाही उडवल्या. त्यात मी भाचीच्या लग्नाला गेलेली, म्हणून भावजींनी स्वतःच फर्मे लावून पहिली प्रत बांधली.

मी परतले त्या दिवशी बाई प्रत बघायला आल्या. त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं, चार पानं चाळली, छान म्हणाल्या. आता दोन हजार प्रती शिलाईला जाणार होत्या. मी ती प्रत हातात घेतली, पानं उलटत गेले आणि मधेच थांबले. गप्प बसले असते तर माझं काम टिकलं असतं, पण कादंबरीतल्या त्या दोघांचं भांडण होण्याआधीच मिटलं असतं.

"भावजी, पाचवा फर्मा चौथ्याच्या आधी लागलाय."

"कशावरून?"

"मी वाचलंय. ती रागाने केस कापते ते पुढे. इथे आधीच कापलेत, आणि पान उलटलं की पाठीवर वेणी."

केस काय, वाढतात, असं भावजी पुटपुटले. बाईंनी पान उलटलं, परत मागे आणलं आणि मटकन स्टुलावर बसल्या. लिहिणारीच्या लक्षात आलं नाही ते यांच्या आलं, असं भावजींना सुनावून त्यांनी मला विचारलं, कशी वाटली?

"दोघांनाही अक्कल नाही, आणि शेवट मला पटलेला नाही," मी म्हटलं. "पण तो तापाने पडलेला असतो, ती दाराशी येते आणि आत न जाताच परत फिरते, तिथे माझा जीव तुटला हो."

बाईंनी माझा हात धरला, बराच वेळ सोडला नाही.

भावजी उठले. स्वतःची खुर्ची उचलून त्यांनी खिडकीच्या उजेडात ठेवली.

"बसा वहिनी. यापुढे पहिली प्रत तुम्ही वाचल्याशिवाय शिलाईला जाणार नाही."

मी ऐटीत बसले आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. दोन तास कुणाची हूं की चूं करायची छाती झाली नाही.