घरचं पाणी

दालसूच्या हाताची शीर काही केल्या सापडेना. रक्त घेणाऱ्या मुलीने दोनदा सुई टोचली, दोनदा माफी मागितली आणि शेवटी मेंग सिस्टरला बोलावून आणलं. सिस्टरने हाताला गरम पाण्याची पिशवी लावली, मनगटाच्या वर बोटाने दाबून पाहिलं आणि पहिल्याच टोचणीत नळी भरून घेतली. त्याची बायको गुमोक शेजारी उभी राहून त्या नळीकडे टक लावून बघत होती. तिने मनातल्या मनात त्या रक्तालाच हात जोडले.

दोनशेच्या खाली. एवढं तिला पाठ झालं होतं. यकृताचा तो आकडा दोनशेच्या खाली आला तर औषध परत सुरू, नाही आला तर दालसूचं नाव नव्या औषधाच्या चाचणीतून कमी. दोन आठवड्यांपूर्वी तो दोनशे चौतीस भरला होता. तेव्हाच डॉक्टर बेकनी गोळ्या थांबवल्या आणि आजची तारीख दिली. पहाटे उठून जेचॉनहून गाडी पकडून नवराबायको सोलला आले होते ते या एका आकड्यासाठी.

दालसूच्या पित्ताच्या नळीत कॅन्सर होता. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली, दोन तऱ्हेची औषधं देऊन झालेली, दोन्ही वाया गेलेली. मग ही चाचणी निघाली. नऊ देशांत मिळून दोनशे माणसं, त्यातला एक जेचॉनचा बॉयलर दुरुस्त करणारा प्यो दालसू. चौतीस वर्षं बॉयलरच्या गरम पाण्याने लोकांच्या घरातली जमीन खालून उबदार करत फिरलेला हा माणूस कधी कुणाच्या दोनशेत आला नव्हता, पण यात आला. आणि औषध लागू पडलं. चार महिन्यांत गाठ एक तृतीयांश कमी झाली. मेंग सिस्टरने पडद्यावर आधीचं आणि आताचं चित्र शेजारी शेजारी लावून दाखवलं, तेव्हा गुमोक तिथेच रडली आणि घरी जाऊन बाजारातल्या सगळ्या शेजारणींना तिने तिळाच्या तेलातली पालकाची भाजी फुकट वाटली. तिचं बाजारात भाज्या-लोणच्यांचं दुकान होतं. चिमूटभर कमी न देणारी, चिमूटभर जास्तही न देणारी बाई म्हणून तिचं नाव होतं. त्या दिवशी लोकांना वाटलं, हिला वेड लागलं.

नियमांना मात्र ती फार जपायची. चाचणीत शिरताना अठ्ठावीस पानांचा कागद होता. काढे नाहीत, जिन्सेंगची मुळी नाही, बाटल्यांतले रस नाहीत, पावडरी नाहीत. नणंदेने लाल जिन्सेंगची पेटी पाठवली, ती हिने आल्या पावली परत केली आणि नणंद दोन महिने बोलली नाही. शेजारणीने कांद्याचा रस आणला, तोही नको म्हणाली. दर खेपेला मेंग सिस्टर विचारायची, "आई, दुसरं काही औषध, काढा वगैरे?" आणि गुमोक छातीवर हात ठेवून नाही म्हणायची. ती खरंच बोलत होती.

आकडा वाढल्यावर मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं. हे दोन आठवडे तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. दुकानात भाजीत मीठ दोनदा पडलं. नवरा झोपला की ती हळूच पापणी उचलून त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघायची, पिवळा तर नाही ना म्हणून. कुणाला तरी काही तरी करता येत असेल, आपण नुसतं बसून राहायचं कसं, या एका विचाराने तिला पोखरून काढलं होतं.

बारा वाजता डॉक्टर बेकनी आत बोलावलं. पन्नाशीचे, थकलेल्या डोळ्यांचे गृहस्थ. मेंग सिस्टर फाइल घेऊन बाजूला उभी होती. डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला आणि आकडा वाचला. चारशे अठरा.

दालसू नुसता "अच्छा" म्हणाला, बॉयलरचा कुठला भाग गेलाय ते ऐकावं तसा.

डॉक्टर म्हणाले, गोळ्या बंद असताना आकडा उतरायला हवा होता, जवळजवळ दुप्पट व्हायला नको होता. हे औषधामुळे, आजारामुळे की आणखी कशामुळे, ते शोधायला हवं. घरात काय काय खाल्लं-प्यायलं, सगळं सांगा, अगदी सगळं. गुमोकने सांगायला सुरुवात केली. सकाळी भाताची पेज. दुपारी भात, मासा, वाफवलेली भाजी. कोबीची किमची धुऊन, तिखट काढून. रात्री सोयाबीनचं पातळ कालवण. फळ म्हणून नाशपती.

"आणि पाणी?" मेंग सिस्टरने विचारलं.

"पाणी काय, घरचंच. उकळलेलं."

"आई, पाण्यात काय घालून उकळता?"

गुमोकच्या डोळ्यांपुढे घरचं पातेलं आलं.

जवाचं पाणी. त्यांच्याकडे नळाचं साधं पाणी कधी कुणी प्यायलंच नव्हतं. तिच्या आईकडेही नाही, सासूकडेही नाही. मोठ्या पातेल्यात भाजलेले जव उकळायचे आणि तेच दिवसभर प्यायचं. आजार कळल्यापासून तिची थोरली बहीण डोंगरातून एका झाडाच्या ढलप्या आणि वाळलेली अळिंबी पाठवायची, यकृताला चांगली म्हणून. गुमोक ती जवाबरोबर चिमूटभर टाकायची. ते औषध आहे असं तिच्या स्वप्नातही आलं नाही. पाणी ते पाणी. आणि गेले दोन आठवडे, आकडा खाली यावा म्हणून, तिने जव घालणंच सोडलं होतं. नुसत्या ढलप्या, ओंजळ-ओंजळभर, तीन-तीन तास, पातेलं निम्म्यावर येईपर्यंत. रोज दोन बाटल्या तिने स्वतःच्या हाताने त्याच्यापुढे ठेवल्या होत्या.

"सिस्टर, ते पाणी..." ती सांगायला लागली.

"मी काढा प्यायलो," दालसू म्हणाला.

तिघंही त्याच्याकडे बघायला लागली.

"बसस्टँडजवळ एक वैदू आहे. त्याच्याकडून आणला. तयार काढ्याच्या पिशव्या होत्या, कामाच्या गाडीत लपवून ठेवायचो. हिला पत्ता नाही."

"किती दिवस?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन आठवडे. गोळ्या थांबल्या ना, मग मला भीती वाटली."

डॉक्टर बेकनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते ओरडले नाहीत, पण बोलायचं ते बोलले. गाठ कमी होत होती. हजार जणांतून तुम्हाला घेतलं होतं. इतकं बजावून सांगितलं, सही घेतली, आणि तुम्ही रस्त्यावरच्या माणसाचं ऐकलंत. आता काढ्याने झालं की औषधाने, ते मलाही सांगता येणार नाही. दालसू मान खाली घालून ऐकत होता. बिल जास्त लावलं म्हणून भांडायला आलेल्या गिऱ्हाइकापुढेही ज्याने कधी मान खाली घातली नव्हती, तो माणूस "चुकलो साहेब" म्हणाला. गुमोकने मधेच तोंड उघडलं तर त्याने टेबलाखालून तिचं मनगट असं धरलं की तिला कळ आली.

मग ती खुर्चीवरून उतरली आणि तिने सरळ जमिनीवर गुडघे टेकले. डॉक्टरांच्या कोटाचं टोक तिच्या हातात आलं. एकदा, फक्त एकदा आणखी तपासा, ती म्हणाली. आठ दिवस द्या. मी नुसतं नळाचं पाणी देते. आठ दिवसांत उतरेल तो आकडा.

"काकू, उठा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी आणि सिस्टरने तिला दोन्ही बाजूंनी उचललं. "आकडा इतका वर गेला की नाव आपोआप निघतं. माझ्या हातात असतं तर मी तुम्हाला असं बसू दिलं असतं का?"

ती बाहेर बाकावर येऊन बसली. दालसू जाऊन तिच्यासाठी यंत्रातून कॉफी घेऊन आला. तिने ती घेतली नाही.

"खोटं का बोललात?" ती शेवटी म्हणाली.

"खरं बोलून आकडा उतरणार होता?"

"माझ्या हाताने गेलं सगळं. माझ्या हाताने."

"प्यायलो तर मी ना? इतकं कडू लागत होतं. मला काय जीभ नाही?"

"मग बोलला का नाहीत?" ती ओरडलीच. पलीकडच्या बाकावरच्या माणसाने वळून पाहिलं.

दालसूने कॉफीचा एक घोट घेतला. तो बोलायचा तेव्हा मोजकंच बोलायचा, आताही त्याने घाई केली नाही. "तू तीन-तीन तास गॅसपुढे उभी असायचीस," तो म्हणाला. "मी नको म्हटलं असतं तर तू काय केलं असतंस? नुसती बसली असतीस माझ्याकडे बघत."

ती रडत होती, नाक पदराला पुसावं तसं स्वेटरच्या बाहीला पुसत होती.

"आता ऐक," तो म्हणाला. "आपल्या पोराला, बोमसूला, हेच सांगायचं. तुझ्या थोरल्या बहिणीलाही हेच. बाबा म्हातारपणी खुळावले, वैदूच्या नादाला लागले."

"मला नाही जमायचं."

"जमव. पोरगा तोंडाने बोलणार नाही, पण मनात ठेवील. तुझ्या बहिणीला तर जन्मभर घास गोड लागायचा नाही. आणि तुला अजून वीस वर्षं त्या दुकानात बसायचंय. मला काय गं, दोन-चार महिने मूर्ख म्हणवून घ्यायचंय. तेवढं जमेल मला."

गुमोकला वाटलं, आत जावं आणि सगळं ओरडून सांगावं. तिने उठायचा प्रयत्नही केला. पण सांगून काय मिळणार होतं? औषध मिळणार नव्हतं. मिळाली असती तर तिला तिची शिक्षा मिळाली असती, आणि तेवढीसुद्धा या माणसाने तिच्याकडून काढून घेतली होती. तिला त्याचा भयंकर राग आला. इतका राग लग्नाच्या अडतीस वर्षांत कधी आला नव्हता.

मेंग सिस्टरने त्यांना तिच्या छोट्या खोलीत बोलावलं. नाव कमी झालं की कारण लिहून द्यावं लागतं, पेशंटची सही आणि घरच्या माणसाची. सिस्टरने लिहून ठेवलं होतं, सुवाच्य अक्षरात. तिने कागद गुमोककडे वळवला आणि तिच्याकडे क्षणभर नीट पाहिलं. चार महिने दर खेपेला काढ्याचं हिनेच विचारलं होतं, पाण्यात काय होतं ते तिला कळलं नसेल असं नाही.

"आई, आधी वाचा," ती हळूच म्हणाली. "काही बदलायचं असेल तर आत्ताच सांगा. मी दुसरा कागद घेते."

गुमोकने वाचलं. पेशंटने स्वतःच्या मर्जीने, घरच्यांच्या नकळत काढा घेतला. त्याखाली दालसूची सही होतीच, बिलांवर करायचा तशी ठसठशीत. तिने पेन उचललं. घरच्यांच्या नकळत, या शब्दांपाशी तिचं बोट थांबलं आणि तिथून हलेना. सिस्टर वाट बघत होती.

तिने पेन टेकवलं तसा टेबलावर कागद सरकायला लागला. तेव्हा दालसूने दोन बोटांनी तो कोपऱ्यावर दाबून धरला, आणि तिने त्याच्या नावाखाली आपलं पूर्ण नाव लिहिलं.