भुरीचं भांडं

मित्रांनो, मी एक जुनं घमेलं आहे आणि मला बूड नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागून कळलं की लोक म्हणतात, याच्या बोलण्याला तरी कुठे बूड आहे. दुसरं म्हणजे मी संशयी आहे. कुणी माझ्याकडे दोनदा वळून बघितलं की मला वाटतं, याला आता काय हवंय? माझी हकीकत ऐकलीत तर तुम्ही मला त्याबद्दल नावं ठेवणार नाही.

नगरच्या बाजारातून मला गवंड्यांनी आणलं ते सावेडीला. तेव्हा सावेडीत दोन घरांच्या मध्ये एक ज्वारीचं शेत असायचं. तिथे आबासाहेबांचा बंगला उभा राहत होता. आबासाहेब हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. त्यांच्या घराची वाळू, खडी, सिमेंट मी वाहिलं. मुख्य गवंडी म्हणायचा, "ते न गळणारं घमेलं द्या रे इकडं." ते घमेलं म्हणजे मीच. सगळ्यात शेवटी घरातल्या घरात संडास झाला. पांढरं चिनी मातीचं भांडं आणि वर साखळी ओढायची टाकी. त्या भांड्याखालचा माल मीच वाहून दिला होता. ते पुढे माझ्याच जिवावर उठेल हे तेव्हा कुणाला माहीत?

काम संपल्यावर गवंडी मला तिथेच विसरून गेले. दोन महिने मी मागच्या दारी उपडा पडून होतो. मग एक दिवस आबासाहेब पुणतांब्याहून आले आणि त्यांच्या कोटाच्या खिशातून मांजराचं एक राखाडी पिल्लू निघालं. तिथे त्यांच्या भावाच्या वस्तीवर तीन दांडगी कुत्री होती. त्यांनी पिल्लाच्या आईला मारलं होतं, म्हणून आबासाहेबांनी हिला उचलून आणलं. तिचं नाव ठेवलं भुरी. माझ्यात बंबाची राख भरली आणि मला स्वयंपाकघराच्या मागच्या व्हरांड्यात ठेवलं. भुरी यायची, माझ्या काठावर पुढचे दोन पाय ठेवायची, आत उतरून उकरायची आणि काम झालं की नीट झाकून जायची. दगडमातीचा माणूस मी, मला इतक्या हळू कुणी कधी हात लावला नव्हता. मला ती फार आवडायची.

पण भुरीचे पाय राखेचे, आणि फरशी नवी, लाल, गुळगुळीत. आबासाहेबांच्या पत्नी विजयमालाबाई दिवसातून चार वेळा फरशी पुसायच्या. एके दिवशी गादीच्या पांढऱ्या चादरीवर पावलं उमटली. बाईंनी माळ्यावरून एक रिकामं पोतं खाली काढलं.

"अहो, पुणतांब्याची एसटी किती वाजता असते?" त्यांनी विचारलं.

"अगं, तिथली कुत्री तिला एक दिवससुद्धा ठेवणार नाहीत," आबासाहेब म्हणाले.

"मग राखेचा बंदोबस्त करा. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांबते. त्यानंतर एक तर ते घमेलं घरात नसेल, नाही तर मांजर नसेल."

मी ते ऐकलं आणि माझा पत्रा थंड पडला. भुरी सुधारली तर मी जाणार, आणि मी राहिलो तर भुरी जाणार. दोघांनी राहायची सोय त्या बोलण्यात नव्हती.

आबासाहेबांनी शाळेच्या वाचनालयातल्या एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं की मांजराला माणसांचा संडास वापरायला शिकवता येतो. त्यांनी वहीत आकृत्या काढल्या. आधी मला रोज हातभर सरकवत संडासाच्या दाराशी नेलं. मग आत नेलं. मग थेट त्या पांढऱ्या भांड्यावर, पाय ठेवायच्या दोन्ही पायऱ्यांवर टेकवून ठेवलं. घरातल्या माणसांना आत जायचं असलं की मला उचलून बाहेर ठेवावं लागे. विजयमालाबाई मला दोन बोटांनी उचलायच्या. हा अपमान मी गिळला. पण भुरीला काही कळेना. आज घमेलं इथे, उद्या तिथे. ती आधी चारी बाजूंनी माझा वास घ्यायची, मग आबासाहेबांकडे बघायची. तिलाही माझ्यासारखाच संशय आला होता.

एका रविवारी डबे झाळणारा भिमाजी घरी आला. आबासाहेब त्याला म्हणाले, "याच्या बुडाला लिंबाएवढं भोक पाड."

भिमाजीनं मला उलटंपालटं करून पाहिलं. "सायेब, मी भोकं बुजवितो. चांगल्या घमेल्याला भोक पाडायचं, ते बी लिंबाएवढं? कुनी करनीबिरनी सांगितली का तुमाला?"

"अरे, शास्त्र आहे ते."

भिमाजीनं छिन्नी लावली, पण पहिला घाव घालण्याआधी तो कपाळाला हात लावून कुणाला तरी नमस्कार करून मोकळा झाला. गवंडी ज्याला न गळणारं म्हणायचा, त्याला भोक पडलं. मला फार दुखलं. पुढच्या रविवारी भोक पेरूएवढं झालं, मग कैरीएवढं. राख कमी होत गेली आणि खालचं पांढरं भांडं मला रोज जास्त दिसू लागलं. भुरी काठाकाठानं पाय ठेवायला शिकली.

याच सुमारास आबासाहेबांना परीक्षेच्या कामाला दोन दिवस बाहेरगावी जावं लागलं. विजयमालाबाई या भानगडीत हात घालणार नव्हत्या. म्हणून घरची भांडी घासणाऱ्या राहीबाईंना आबासाहेबांनी जाताना सांगितलं, "उद्या घमेलं काढून ठेवा आणि भुरीला भांड्यावर बसवा."

आता तुम्हीच सांगा, उभा जन्म भांडी घासणाऱ्या बाईला भांडं म्हणजे काय वाटणार? राहीबाई जराशा घुटमळल्या. पण शिकलेल्या माणसांचं काही सांगता येत नाही, असं पुटपुटत त्यांनी फळीवरचं मोठं पितळी पातेलं काढलं, त्यात राख घातली आणि भुरीला आत बसवलं. भुरीनं हसू आल्यासारखे डोळे मिटले. माझ्यापेक्षा ते पातेलं तिला बरं वाटलं, हे मी अजून विसरलेलो नाही.

दुसऱ्याच दिवशी देवळाली प्रवराहून आबासाहेबांची बहीण आक्काबाई भेटायला आल्या. राहीबाईंनी चहा आणून ठेवला. भुरी समोरून गेली तशा त्या कौतुकानं म्हणाल्या, "लई गुनी मांजर हाय. आता भांड्यातच बसती. सायबांनी शिकवलंय."

आक्काबाईंनी कप खाली ठेवला. "कोणत्या भांड्यात?"

"ते काय, मोठ्या पितळी पातेल्यात."

वास्तुशांतीला त्याच पातेल्यात बासुंदी आटवली होती आणि आक्काबाईंनी दोन वाट्या खाल्ल्या होत्या. त्या पाणीही न घेता एसटी गाठायला निघाल्या. जाताना शेजारी सांगून गेल्या.

आबासाहेब परत आले आणि कपाळाला हात लावून बसले. "राहीबाई, भांडं म्हणजे संडासातलं भांडं."

"मंग तसं सांगायचं की सायेब. त्याला कशापायी भांडं म्हनत्यात? त्यात काय शिजतंय व्हय?"

चैत्रातल्या हळदीकुंकवाला आजूबाजूच्या बायका आल्या. हरभऱ्यांनी ओट्या भरून घेतल्या, पण पन्ह्याच्या पेल्याला कुणी ओठ लावला नाही. एकीनं तर पेला उजेडात धरून पाहिला. त्या संध्याकाळी विजयमालाबाईंनी पोतं दाराच्या कडीला अडकवलं आणि म्हणाल्या, "आता सुट्टीबिट्टी नाही. आठ दिवस."

सातव्या दिवशी भिमाजीनं माझं उरलंसुरलं बूड कापून काढलं. आठव्या दिवशी मला कोपऱ्यात उभं केलं. भुरी आली. भांड्यावर मी नव्हतो. तिनं मला शोधलं, माझ्याकडे बघितलं. खोटं कशाला बोलू, तिचा पाय घसरावा असं एकदा माझ्या मनात आलं. मग मला कडीवरचं पोतं दिसलं आणि मी मनातल्या मनात म्हणालो, भुरे, जप. तिनं पायऱ्यांवर चारी पाय रोवले आणि काम केलं. आबासाहेबांनी साखळी ओढली. पोतं परत माळ्यावर गेलं.

मला मागच्या अंगणात नेऊन लिंबाच्या रोपाभोवती आळं म्हणून मातीत बसवलं. बूड नसलेल्याला दुसरं काय काम मिळणार?

पुढे त्या वर्षी पाऊस झालाच नाही. लिंबाचं रोप वाळून गेलं. नळ चौथ्या दिवशी यायला लागला, तोही करंगळीएवढ्या धारेनं. वरची टाकी कोरडी पडली. भुरीच्या मागे दर वेळी दोन तांबे ओतावे लागत. विजयमालाबाई म्हणाल्या, "प्यायला पाणी नाही आणि मांजरामागं तांबे ओतायचे?" त्यांचं तरी काय चुकलं? त्यांनी संडासाचं दार ओढून घेतलं.

भुरी दारासमोर बसून रडायला लागली. आबासाहेब सायकल काढून नवीन घमेलं आणायला बाजारात गेले. अख्ख्या नगरात घमेलं मिळेना. सगळी दुष्काळी कामांवर गेली होती. ते हात हलवत परत आले, तोवर भुरीनं कोपऱ्यात फरशी ओली केली होती. विजयमालाबाईंनी पोतं काढलं. आबासाहेब चष्मा पुसत बसले.

राहीबाई भांड्यांचं पाणी टाकायला मागचं दार उघडून बाहेर आल्या आणि त्यांच्या पायांतून भुरी निसटली. कुत्र्यांच्या भीतीनं ती कधी अंगणात उतरत नसे. ती थेट माझ्यापाशी आली. माझा वास घेतला, एकदा, दोनदा. मला वाटलं, ही आता मला ओळखत नाही. मग तिनं माझ्या काठावर पुढचे दोन पाय ठेवले, आत उतरली आणि वाळलेल्या रोपाशेजारची माती उकरायला लागली. माझं बूड गेलं होतं, पण खाली जमीन होती. तिला तेवढं पुरलं.

विजयमालाबाई हातात पोतं घेऊन दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. भुरीनं नीट झाकलं आणि मातीच्या पायांनी घराकडे निघाली.

"राहीबाई, धरा तिला, पाय बघा तिचे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी हातातल्या पोत्याकडे पाहिलं. त्याची चौघडी केली आणि उंबऱ्यापाशी अंथरली. भुरी त्यावरून चालत आत गेली. फरशीवर एकही पाऊल उमटलं नाही.

मित्रांनो, त्याला आता दोन वर्षं झाली. घरातल्या मुक्या जिवाला काही नवं शिकवायचं असेल तर जरूर शिकवा, पण त्याची जुनी जागा मोडण्याआधी चार दिवस थांबा. माझा संशयी स्वभाव काही गेलेला नाही. ते पोतं अजून उंबऱ्यापाशीच आहे. रोज सकाळी बाई ते झटकायला उचलतात तेव्हा माझा जीव वर येतो, आणि त्यांनी ते परत खाली अंथरलं की खाली बसतो.