मनोऱ्यामागची जागा

मंगळवारी सकाळी शाळेतून फोन आला, तेव्हा काचवाल्याच्या हातात साडेचार फुटांची काच होती. हातात काच असताना फोन घ्यायचा नाही, हा त्याच्या दुकानाचा नियम. त्याने फोन वाजू दिला. दोनदा वाजला, तीनदा वाजला. काच टेबलावर नीट आडवी ठेवून, हात पुसून त्याने फोन घेतला तोवर सात मिनिटं गेली होती. पलीकडे शाळेचा कारकून होता. "तुम्ही आधी या," एवढंच म्हणत राहिला. काय झालं ते सांगेना.

काचवाल्याची बायको त्या शाळेत चीअरलीडिंगचा, म्हणजे नाच, घोषणा आणि कसरतींचा, मुलींचा संघ शिकवायची; मुली तिला मॅडम म्हणायच्या. सकाळच्या सरावासाठी ती व्यायामशाळेत गाद्या अंथरत होती. शेवटची गादी ओढता ओढता डोकं धरून खाली बसली आणि तशीच आडवी झाली. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, तुम्ही लगेच आला असतात तरी काही फरक पडला नसता. काचवाल्याने ऐकून घेतलं. ती सात मिनिटं मात्र डोक्यातून गेली नाहीत.

कुणाचा पाय घसरला नव्हता, कुणी उंचावरून पडलं नव्हतं. गादीवर बसलेली बाई गेली. तेव्हापासून त्याला कशाचाच भरवसा वाटेना. मुलगी जिना उतरू लागली की तो मनात पायऱ्या मोजायचा. बाथरूममधला पाण्याचा आवाज थांबला की दारावर टकटक करायचा. "बाबा, मी साबण लावतेय!" आतून ओरड ऐकू यायची आणि त्याचा जीव भांड्यात पडायचा, पुढच्या पाच मिनिटांपुरता.

मुलगी तेरा वर्षांची. अंगाने बारीक आणि कुठेही सरसर चढणारी, म्हणून सगळे तिला खारू म्हणायचे. संघाच्या मनोऱ्यात सगळ्यात वर उभी राहणारी तीच. तिघी तिचे पाय धरून तिला डोक्याच्या वर उचलायच्या आणि चौथी जागा मागची, पडली तर झेलणाऱ्याची. तिथे तिची आई उभी राहायची.

दोन महिन्यांनी खारूने स्पर्धेच्या नियमांचं पुस्तक जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं.

"सरावात मनोऱ्याच्या मागे एक मोठं माणूस लागतं. दहा तासांचं प्रशिक्षण घेतलेलं. नाहीतर मनोरा करता येत नाही."

"मग नका करू."

"मनोरा नसेल तर नुसत्या टाळ्या वाजवत उड्या मारायच्या. त्याला मी कशाला?"

"तुझ्या पी.टी.च्या बाई उभ्या राहतील की."

"त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय. हात वर जात नाही."

खारूची मावशी घर सांभाळायला येऊन राहिली होती. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "भावोजी, तुम्हीच का नाही उभे राहत? दिवसभर तिच्या मागे मागे फिरताच की. तेवढंच नियमात बसेल."

"तू गप गं."

"तू नाही आलास तर बाई कुणाच्या तरी मोठ्या भावाला बोलावणार आहेत," खारू म्हणाली.

रात्री त्याने पुस्तक वाचलं. नखं कापलेली हवीत. केस घट्ट बांधलेले. कानात, गळ्यात काही नको. तोंडात च्युइंगम नको. उघड्या फरशीवर कुणाला उचलायचं नाही. पडलेल्या मुलीला लगेच उठवायचं नाही, आधी मान तपासायची. हे काही कुणी हौस म्हणून लिहिलेलं नाही, हे त्याला कळत होतं. त्याच्या दुकानातही जाड बूट घालायचा नियम होता आणि त्या नियमामागे त्याच्याच डाव्या पायाचा अंगठा होता. म्हणजे या पुस्तकातल्या प्रत्येक ओळीमागे कुणाची तरी मुलगी होती. बत्तीस पानं होती. सोळाव्या पानावर त्याने पुस्तक मिटलं.

पण आपली पोर वर उभी आहे आणि खाली कुणा परक्या मुलाचे हात आहेत, हे चित्र काही डोळ्यांपुढून हलेना. घरी बसून घाबरण्यापेक्षा तिथे उभं राहून घाबरलेलं बरं, असं त्याने ठरवलं.

पी.टी.च्या बाई तोंडाच्या फटकळ होत्या. पहिल्याच तासाला म्हणाल्या, "तुमचं काम एकच. पडली तर डोकं आणि मान. हात, पाय, नाक, रडणं, हे सगळं नंतर. आणि बघायचं ते कमरेकडे. तोंडाकडे नाही. या पोरींना वर गेल्यावर हसायचं शिकवलंय, तोंडावरून तुम्हाला काही कळायचं नाही. तोल जातो तो आधी कमरेत दिसतो."

त्यांनी संघाची एक सवयही सांगितली. ती त्याच्या बायकोनेच लावलेली होती. मोजणी सुरू व्हायच्या आधी कुणीही "नाही" म्हटलं की सगळ्यांनी तिथेच थांबायचं, हात काढायचे. का, म्हणून विचारायचं नाही. पण एकदा मोजणी सुरू झाली की तो शब्द तोंडातून काढायचा नाही. मग थांबायचं असेल तर "खाली" म्हणायचं आणि सगळ्यांनी मिळून दोन मोजेपर्यंत उतरवायचं. काचवाल्याने मान हलवली. चार तास त्याने वाळू भरलेलं पोतं झेललं. पाठ धरली, पण जमलं.

पाचव्या तासाला खरा मनोरा. गाद्या दुहेरी घातल्या होत्या. तरी त्याने गुडघ्यावर बसून तळहाताने एकेक दाबून पाहिली. डाव्या बाजूला धरणारी मुलगी चांगली उंच होती, तिला सगळ्या खांब म्हणायच्या. ती हसायला लागली.

"काका, ही काच नाहीये. पडली तरी तडकत नाही."

"आणि तडकली तर?"

"मग तुम्ही आहात की. नवीन बसवून द्याल."

सगळ्या खिदळल्या. खारूही हसली. काचवाल्याला हसू आलं नाही. मागे जाऊन त्याने हात वर धरले.

"कुणी नाही म्हणतंय?" बाईंनी विचारलं. कुणी म्हटलं नाही. मोजणी सुरू झाली. एकला खारूचे पाय त्यांच्या हातांत आले, दोनला ती खांद्यापर्यंत गेली. समोरच्या भिंतीवर मोठा आरसा होता. काचवाल्याची नजर कमरेवरून सुटली आणि आरशात तिच्या चेहऱ्यावर गेली. ओठ हसत होते. डोळे हसत नव्हते. ते थेट गादीकडे बघत होते, अगदी त्या जागेकडे जिथे तिची आई...

"नाही!" तो ओरडला.

खांबाचे हात होते तिथे थांबले. 'नाही' ऐकलं की थांबायचं, हेच तिला महिनोन् महिने शिकवलं होतं. उजव्या बाजूची मुलगी मोजणीप्रमाणे वर ढकलत राहिली. खारूचा एक पाय खाली, एक वर, आणि ती आडवी कलंडली. मागून पाय धरणाऱ्या तिसऱ्या मुलीने कसाबसा तिचा खांदा अंगावर घेतला. दोघी गादीवर आदळल्या.

काचवाल्याचे दोन्ही हात त्याच्या स्वतःच्या तोंडावर होते.

"हलू नकोस! कुणी हात लावायचा नाही तिला!" बाई खाली बसल्या. "मान दुखतेय? बोटं हलव. पायाची. दुसऱ्या पायाची." खारूच्या ओठातून रक्त येत होतं. तिने बोटं हलवली, मग दुसऱ्या पायाची हलवली. तेवढ्या वेळात काचवाल्याला व्यायामशाळा लांब लांब जाताना दिसली. भिंतीला टेकून तो खाली बसला.

ओठ फाटला होता, बाकी काही नव्हतं. खांब मात्र हुंदके देत होती. "मी थांबले ना, म्हणून झालं. मॅडमनी सांगितलं होतं थांबायचं, म्हणून मी..."

"तू बरोबर थांबलीस," काचवाला म्हणाला. "ओरडलो मी."

प्रत्येक पडण्याची नोंद वहीत करायची, असाही नियम होता. बाईंनी वही त्याच्यापुढे सरकवली.

"कारण म्हणून 'तोल गेला' लिहा. सगळे तेच लिहितात."

त्याने लिहिलं, 'मागे उभा असलेला माणूस मोजणी सुरू असताना नाही म्हणून ओरडला. त्याने हात पुढे केले नाहीत.'

बाईंनी वाचलं. "हे असं लिहिलंत तर तुमचे झालेले तास गेले. परत पहिल्यापासून."

"जाऊ देत."

घरी खारू चमच्याने गार दूध पीत होती.

"तू का ओरडलास?"

"तू घाबरली होतीस."

"मी दर वेळी घाबरते, बाबा. आई पण घाबरायची."

"ती? छे."

"तिचे हात बर्फासारखे व्हायचे. मला उतरवताना घोट्याला लागायचे ना, तेव्हा कळायचं."

अठरा वर्षांच्या संसारात हे काचवाल्याला माहीत नव्हतं. "मग काय करायची ती?"

"काही नाही. कमरेकडे बघायची." तिने चमचा खाली ठेवला. "आणि बाबा, मला मनोरा नको असेल ना, तर मी म्हणेन नाही. मला बोलता येतं."

स्पर्धेला आता नऊ दिवस आहेत. काचवाल्याचे नवे सात तास झाले आहेत. आरशावर त्याने स्वतःच चादर टांगली. परवा खारूला गुडघ्याएवढं उचललं, काल कमरेएवढं, आज खांद्यापर्यंत. तिन्ही वेळा त्याचे हात थरथरत होते आणि तिन्ही वेळा ते होते तिथेच होते. डोक्याच्या वर अजून उचललेलं नाही.