मूळ पुस्तक

मंगळवारी सकाळी पीण्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या बसमध्ये रघुजींची कादंबरी संपली. कारखाना अजून तीन थांबे लांब होता. उरलेला वेळ ते खिडकीबाहेर बघत बसले.

दिवसभर त्यांनी नेहमीसारखे सुटे भाग तपासले, त्यातले दोन परत पाठवले. जेवणाच्या सुट्टीत डबा दहा मिनिटांत आटोपला. पुढची वीस मिनिटं एरवी पुस्तकाची असत. आज त्यांनी भिंतीवरचे सुरक्षेचे नियम वाचून काढले, सगळे.

संध्याकाळी ते वाटेत मराठी मंडळाच्या वाचनालयात गेले. वाचनालय म्हणजे दोन लोखंडी कपाटं आणि ती सांभाळणाऱ्या जमनाबाई.

"अण्णा, तुमचं सगळं वाचून झालंय," जमनाबाई म्हणाल्या. "पाककृतींची तेवढी राहिलीत."

"नवीन कधी येणार, अक्का?"

"पुण्याहून कुणी आणेल तेव्हा. हां, हे एक राहिलंय बघा, कुणी नेत नाही."

धारवाडच्या एका शिक्षिकेची गोष्ट होती, कन्नडवरून मराठीत आणलेली. रघुजींनी उभ्याउभ्याच दोन पानं वाचली. धारवाडच्या बाजारात भाजीवाली अस्सल पुणेरी बोलत होती. ती खरं कन्नडात काय म्हणाली असेल, ते त्यांच्या कानात आपोआप उमटत होतं.

"स्वल्प विचित्र वाटतंय," ते म्हणाले. "कन्नडातच वाचलं तर?"

"येतं तुम्हाला?"

"दहावीपर्यंत शाळा कन्नडच होती की."

"मग इतकी वर्षं का नाही वाचलंत?"

रघुजींनी पुस्तक मिटून परत दिलं. घरात मराठी बोलायचं आणि वाचायचंही मराठीच, अशी वडिलांची शिस्त होती. कन्नड बाजारात, कारखान्यात, शेजारी. तिच्यात गोष्टही वाचता येईल, हे कधी मनातच आलं नव्हतं.

जमनाबाईंनी मूळ पुस्तकाचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. मल्लेश्वरमच्या कन्नड पुस्तकांच्या दुकानात एकच प्रत शिल्लक होती.

घरी जेवण झाल्यावर रघुजी पुस्तक घेऊन बसले. जोडाक्षरांपाशी अडखळत, मधूनच ओठ हलवत वाचू लागले. पहिल्या पानाला पंधरा मिनिटं लागली.

"कसं आहे?" त्यांच्या पत्नीनं, कस्तुरीनं विचारलं.

"हळू जातंय." त्यांनी पानांची जाडी बोटांनी चाचपली. "दोन महिने सहज पुरेल."

त्यांच्या आवाजात समाधान होतं. कस्तुरीनं त्यांच्या बाजूचा दिवा लावला आणि ती आत गेली.